उपकंपनीचा नफा कोणाच्या खिशातून येतो?

इतवारीतील एक वयस्कर धान्यव्यापारी गेल्या हिवाळ्यात धरमपेठेतील माझ्या कार्यालयात एका विमान कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन आले. तिचे समभाग मोठ्या रकमेने घेण्याचा त्यांचा विचार होता. मूळ कंपनी तोट्यात होती, परंतु तिची स्वस्त भाड्याची उपकंपनी नफा दाखवत होती. "साहेब, पोरगं कमावून राह्यलं, मंग बाप कसा बुडन?" असे त्यांनी विचारले. कॉस्ट अकाउंटंट म्हणून इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल.

मी आधी संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप उघडली. उपकंपनीची विमाने मूळ कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती आणि त्यांची देखभालही तिच्याच हँगरमध्ये होत होती. त्यामुळे उपकंपनीला किती नफा दिसावा, हे बऱ्याच अंशी मूळ कंपनी आकारत असलेल्या दरांवरच ठरत होते.

मग मी त्यांना कागदावर एक काल्पनिक हिशेब मांडून दाखवला. उपकंपनीच्या एका फेरीत 4,500 रुपयांप्रमाणे 100 प्रवासी बसले आणि फेरीचा खर्च 4,00,000 रुपये आला, तर तिच्या वहीत 50,000 रुपये नफा दिसतो. पण त्यांपैकी 40 जण एरवी मूळ कंपनीचे 6,000 रुपयांचे तिकीट काढणारे असतील, तर तिचे 2,40,000 रुपये बुडतात, तिचे विमान मात्र जवळजवळ तेवढ्याच खर्चात उडते, आणि दोन्ही वह्या एकत्र केल्यावर 1,90,000 रुपयांचा तोटा उरतो. तेच 40 जण प्रतिस्पर्ध्याकडे निघालेले असतील, तर मात्र हा तोटा उपकंपनीच्या माथी मारता येत नाही. सारा वाद या एका संख्येचा आहे, आणि ती कोणत्याही अहवालात छापलेली नसते.

स्वस्त सेवेची खरी बचत कशात असते, हेही त्यांना समजून घ्यायचे होते. बोइंग 737-800 मध्ये 189 आसने बसवली, विमान जमिनीवर कमी वेळ थांबवले आणि वेतनकरार वेगळे केले, तर प्रति आसन खर्च खरोखरच उतरतो. अमेरिकेतील डेल्टा या विमान कंपनीने 2003 मध्ये 'साँग' आणि तिथल्याच युनायटेडने 2004 मध्ये 'टेड' ही स्वस्त सेवा सुरू केली, पण वैमानिक मूळ कंपनीचेच राहिले. पहिली 2006 मध्ये आणि दुसरी 2009 मध्ये बंद झाली. उलट ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास या विमान कंपनीची 2004 मधील 'जेटस्टार' आधी विकत घेतलेल्या 'इम्पल्स' या वेगळ्या कंपनीच्या पायावर उभी राहिली आणि टिकली. आपल्याकडे जेट एअरवेजने 'जेटलाइट' आणि 'कनेक्ट' अशी दोन स्वस्त नावे चालवली, तेव्हा आपण नेमक्या कोणत्या सेवेचे तिकीट काढले आहे, हेच अनेक प्रवाशांना कळत नसे.

दुपारनंतर आम्ही दोन्ही कंपन्यांची वेळापत्रके शेजारी ठेवली. बहुतेक मोठ्या मार्गांवर दोघींची विमाने तासा-दोन तासांच्या अंतराने उडत होती, आणि उपकंपनी सुरू झाल्यापासून मूळ कंपनीचे प्रति प्रवासी उत्पन्न वर्षागणिक घटत गेले होते. प्रतिस्पर्ध्यांच्या भाडेकपातीचा त्यात वाटा होता, हे मान्य करूनही मी लेखी मत दिले की समभागांचा निर्णय केवळ एकत्रित ताळेबंदावर घ्यावा आणि उपकंपनीचा स्वतंत्र नफा त्यासाठी मुळीच जमेस धरू नये.