साठीनंतर चार देश: विदर्भातल्या गावातून स्कँडिनेव्हियाला निघताना

"दहा दिवसांत पाच देश" अशी जाहिरात दिसली की साठी ओलांडलेल्या जोडप्यानं पान उलटावं. त्या हिशोबात निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि बसमध्ये चढण्या-उतरण्यात जातो, गुडघे तिसऱ्या दिवशीच संपावर जातात. आधी रात्री मोजाव्यात आणि त्यावरून देश ठरवावेत. पंधरा रात्रींत जमणारा एक मार्ग असा: कोपनहेगन तीन, जहाजात एक, ऑस्लो दोन, फ्लॉम दोन, बर्गन दोन, मग विमानानं स्टॉकहोम तीन, पुन्हा जहाजात एक आणि शेवटी हेलसिंकी एक. विमानाचं तिकीट कोपनहेगनला उतरणारं आणि हेलसिंकीहून परत निघणारं असं एकत्रच काढावं. दोन वेगळी एकेरी तिकिटं बहुतेक वेळा महाग पडतात.

या मार्गात नॉर्वेच्या (ऑस्लो, फ्लॉम, बर्गन) सहा रात्री होतात, म्हणून व्हिसाचा अर्ज नॉर्वेकडे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड सगळे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्यानं व्हिसा एकच लागतो. मात्र जिथं मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडेच मागावा लागतो. दिवस सारखे असतील तर जिथं आधी पाय ठेवणार तो देश. उतरायचं कोपनहेगनला म्हणून डेन्मार्ककडे अर्ज टाकणं ही नेहमीची चूक. नॉर्वेचा अर्ज आधी यूडीआयच्या (नॉर्वेचं परदेशी नागरिकांसाठीचं खातं) पोर्टलवर भरायचा, मग बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रावर जायचं. मुंबईचं केंद्र घेतलं तर विदर्भ एक्स्प्रेसनं रात्री बसून सकाळी पोचता येतं, पण वेळ अकराच्या पुढची मागावी, गाडीला उशीर होतोच. फी माणशी ९० युरो, वर केंद्राचा सेवा आकार. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण पंधरा दिवस, शंका आल्यास पंचेचाळीसपर्यंत लागतात.

शेतकरी कुटुंबाची फाइल अडते ती पैशाच्या हिशोबावर. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार दिसतो. आपल्याकडे कापूस, तूर विकली की दोन-चार लाख एकदम जमा होतात आणि तपासणाऱ्याला ते उसने आणून ठेवल्यासारखे वाटतात. म्हणून त्या रकमेशेजारी बाजार समितीची पट्टी किंवा सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) खरेदीची पावती जोडावी. सातबारा, आठ-अ जोडायचेच, पण मराठीतले कागद इंग्रजी भाषांतरासह. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी पेन्शन किंवा दुकानाचं उत्पन्न असेल तर विवरणपत्रं लावावीत. खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर त्यांचं पत्र, बँकेचा उतारा आणि नातं सिद्ध करणारा दाखला. काकूंच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा, ग्रामपंचायतीत त्याला वेळ लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा.

विम्याचं कवच किमान ३०,००० युरोचं आणि सगळ्या शेंगेन देशांसाठी असावं लागतं. साठीनंतरच्या पॉलिसीत बारीक अक्षरात प्रत्येक आजारासाठी वेगळी मर्यादा असते, ती नीट वाचा. बीपी, साखर लपवू नका. लपवलेल्या आजारावरचा दावा कंपनी सहज फेटाळते.

मृगाच्या पेरणीआधी परतायचं असेल तर मेचा उत्तरार्ध बरा. फक्त १७ मे नॉर्वेचा राष्ट्रीय दिन आहे, त्या सुमारास ऑस्लोतली हॉटेलं भरलेली असतात. पेरणीनंतर जायचं तर ऑगस्टचा शेवट घ्या. मे-जूनमध्ये उत्तरेचा प्रकाश (रात्रीच्या आकाशातले रंगीत झोत) दिसत नाही, कारण आकाश पुरतं काळोखं होतच नाही. कुणी एकाच सहलीत मध्यरात्रीचा सूर्य आणि हा प्रकाश दोन्ही दाखवतो म्हणत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नये. खोलीत जाड पडदे नसले तर झोप लागत नाही, म्हणून डोळ्यांवरची पट्टी सोबत ठेवा.

ऑस्लो ते बर्गन रेल्वे म्हणजे या सहलीचं सोनं. वाटेतलं फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे आणि मेअखेरीसही तिथं बर्फ असतो. मिर्दालला उतरून फ्लॉमची छोटी गाडी पकडायची: वीस किलोमीटर, तासाभरात ८६७ मीटरवरून खाली समुद्रकाठाला. तिथून फेरीनं दोन तासांत नेरॉयफ्योर्डमधून (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) गुडवांगेन, पुढं बसनं वॉस, मग रेल्वेनं बर्गन. हे सारं एका दिवसात उरकणारेही असतात. मिर्दालला गाडी बदलताना बॅग स्वतः उचलावी लागते, हमाल नाही. माणशी एकच बॅग, पंधरा किलोच्या आत. स्टॉकहोमच्या जुन्या भागात दगडी फरशीवर लहान चाकं निखळतात, म्हणून चाकं मोठी पाहून घ्या. बर्गनला वर्षात दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. वाऱ्यात छत्री उलटते, तिथं रेनकोटच लागतो.

जहाजाच्या केबिनमध्ये वरचा बर्थ शिडीचा असतो. बुकिंग करतानाच दोन्ही खालचे पलंग मागा. विमानतळावरच्या व्हीलचेअरची मागणी किमान अठ्ठेचाळीस तास आधी नोंदवा आणि चालायला त्रास आहे की पायऱ्या चढताच येत नाहीत, ते स्पष्ट सांगा. युरोपच्या विमानतळांवर ही मदत मोफत आहे, उगाच संकोच नको. ज्येष्ठांची सवलत मात्र साठीला मिळत नाही. नॉर्वेत ६७, डेन्मार्कच्या रेल्वेत ६५.

आता खाणं. तूप, खवा, पेढे, पनीर, कोणतंही मांस नेता येत नाही, जप्त होतं. वरूडची संत्रीही नाहीत, ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, भाजणी, भाजलेला रवा चालतो. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर बहुतेक ठिकाणी इंडक्शन असतं, त्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं तापत नाही. ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतं असं लहान स्टीलचं न्या. लाल मिरचीची फोडणी देऊ नका. धुराची घंटा वाजते आणि अग्निशमनवाले आले तर बिल हातात पडतं. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. शौचालयात पाण्याची सोय फिनलंडमध्ये हातशॉवरच्या रूपानं बहुतेक ठिकाणी असते, बाकी तिन्ही देशांत सहसा नसते. प्लास्टिकची लहान बाटली बॅगेत असू द्या.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन तिघांचा क्रोन वेगवेगळा आणि फिनलंडचा युरो. नोटा जवळपास नकोतच, स्वीडनमधली कितीतरी दुकानं रोकड घेतच नाहीत. कार्डावरचा परदेशी वापर बँकेकडून किंवा ॲपवरून आधी सुरू करून घ्या, तो मुळात बंद असतो. यंत्रानं रुपयात घ्यायचे का विचारलं तर नाही म्हणून स्थानिक चलन निवडा, रुपयातला दर नेहमी वाईट असतो. दोघांकडे वेगवेगळ्या बँकेची कार्डं असू द्या.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासह हवी, कारण आपल्या कंपनीचं नाव तिकडच्या औषधविक्रेत्याला माहीत नसतं. इन्सुलिन सामानात टाकलं तर विमानाच्या पोटात गोठून निकामी होऊ शकतं. उन्हाळ्यात नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन आपल्यामागे साडेतीन तास आणि फिनलंड अडीच. त्यामुळे घरी सकाळी आठला घेतली जाणारी गोळी तिकडच्या साडेचारला येते. प्रवासाच्या दिवशी वेळ किती आणि कशी सरकवायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन असेल तर.