दुसऱ्याचं नाव

शनिवार, रात्री पावणेबारा

अमेरिकन नाटककार आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' हे नाटक आज पुन्हा वाचून संपवलं. कॉलेजात असताना त्यातल्या नायकाने, जॉन प्रॉक्टरने भारावून टाकलं होतं. खोट्या कबुलीवर सही करतो आणि तो कागद चर्चवर ठोकणार म्हटल्यावर टराटरा फाडतो. आजही त्या पानाशी घसा दाटून आला. पण या खेपेला जीव अडकला तो म्हाताऱ्या जाइल्स कोरीत.

मॅसॅच्युसेट्समधलं सेलम, साल 1692. चेटकाचा आळ यायला दोन-चार मुलींनी किंचाळणं पुरे. कबूल केलं तर जीव वाचायचा, नाकारलं तर फास. एकोणीस जण असे फासावर गेले. आणि नुसती आपली कबुली पुरत नसे, सैतानाच्या संगतीत आणखी कोण दिसलं तेही विचारत. प्रॉक्टर स्वतःबद्दलचं खोटं कसंबसं गिळतो. पण त्याच गावातल्या, तोच आळ आलेल्या रिबेका नर्सचं नाव विचारल्यावर त्याची जीभ उचलत नाही.

जाइल्सच्या हातून मात्र आधीच घडून गेलेलं असतं. बायको पुस्तकं वाचत बसते आणि ती वाचत असली की मला प्रार्थना म्हणता येत नाही, असं तो सहज बोलून जातो. मनात काही वाईट नसतं. पण मार्था तुरुंगात जाते. पुढे कोर्टात तोच धडपडत येतो. गावातल्या पुतनमचा डोळा आळ आलेल्यांच्या जमिनींवर आहे, हे एका भल्या माणसाने त्याला सांगितलेलं असतं. न्यायाधीश त्या माणसाचं नाव मागतात. जाइल्स देत नाही. बायकोचं नाव एकदा घेतलं, तेवढं जन्माला पुरलं म्हणतो.

इथे मी पुस्तक पालथं ठेवलं.

पहिल्या नोकरीत स्टोअरमधून माल कमी भरला होता. संशय एका शिपायावर. तक्रारीचा कागद टेबलाटेबलावरून फिरत आला, त्यावर अकरा सह्या होत्या. मी काहीही पाहिलं नव्हतं. तरी बारावी सही केली, निळ्या शाईत, खाली रेघ मारून. महिनाअखेरीस तो गेला. जाताना माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास भरून ठेवून गेला. त्याला सगळे नुसत्या नावाने हाक मारत. त्याचं आडनाव मला तेव्हाही माहीत नव्हतं.

मिलरवरही पुढे तीच वेळ आली. नाटक 1953चं. 1956 साली अमेरिकन संसदेच्या समितीने त्याला कम्युनिस्टांच्या बैठकांना आलेल्यांची नावं विचारली. स्वतःबद्दल तो बोलला, दुसऱ्यांची नावं दिली नाहीत. 1957मध्ये संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरला, पुढच्या वर्षी अपिलात सुटला. लिहिलेलं असं वागून दाखवायला छाती लागते. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

खऱ्या जाइल्सनेही मार्थाविरुद्ध जबानी दिली होती. नंतर त्याच्यावरच आळ आला, तेव्हा खटला मान्यच करेना. ऐंशीच्या घरातला माणूस. तोंड उघडावं म्हणून आडवा पाडून अंगावर दगड रचत गेले. 19 सप्टेंबरला तो गेला. मार्थाला 22 तारखेला फाशी दिलं.

त्याने तोंड उघडलं नाही हे तिला कुणी कळवलं असेल का, एवढंच मघापासून डोक्यात आहे.