जालन्याचे ऊन आणि ट्रकची बॅटरी

आज दुपारी जालन्यात सळई भरून वाळूजकडे निघण्यापूर्वी आमचा इलेक्ट्रिक ट्रक चार्जिंगला लावला, तेव्हा हवेचे तापमान ४२ अंशांच्या आसपास होते आणि चार्जिंगचा वेग थोड्याच वेळात निम्म्यावर आला. चालकाने चार्जरला दोष दिला; माझ्या मते तो बिचारा निर्दोष होता. विद्युतप्रवाह दुप्पट केला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि बाहेरची हवाच तापलेली असताना नुसता रेडिएटर कूलंटला (बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाला) त्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तिथे फ्रिजसारखा कॉम्प्रेसरवर चालणारा चिलरच लागतो. तोही अपुरा पडला, की बॅटरीची नियंत्रण यंत्रणा सेल वाचवण्यासाठी प्रवाह घटवते. मे सरेपर्यंत जलद चार्जिंग पहाटेच उरकायचे, असे आम्ही ठरवले आहे.