मायकल जॅक्सनच्या कॅसेटमधले मामा

कोणी कंपनीची ओरिजिनल कॅसेट घेऊन आलं की मी ती उघडायच्या आधीच परत करते. माझं काम घरगुती व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून देण्याचं: लग्नं, मुंजी, बारशी, शाळेची गॅदरिंग. कंपनीच्या मालाची कॉपी मी काढून देत नाही. तशी गरजही आता कोणाला नसते, ती सगळी गाणी फोनवर याहून लख्ख दिसतात. मागच्या पावसाळ्यात ठाण्यात राम मारुती रोडजवळच्या माझ्या गाळ्यात एक बहीण-भाऊ मायकल जॅक्सनची कॅसेट घेऊन आले, तेव्हाही मी हेच सांगितलं.

"गाणी नकोच आहेत हो ताई," बहीण म्हणाली. "मामाचा आवाज हवाय."

भाऊ चाळिशीच्या आतबाहेरचा. पांढऱ्या काठीची घडी करून खुर्चीत बसला होता. जन्मापासून दिसत नाही, हे त्यानेच सांगून टाकलं, म्हणजे मला अवघडायला नको. कॅसेट होती 'व्हिडिओ ग्रेटेस्ट हिट्स – हिस्टरी', १९९५ची. बिली जीन, बीट इट, थ्रिलर, ब्लॅक ऑर व्हाइट, असे निवडक दहा व्हिडिओ एकापाठोपाठ एक. तेव्हा केबलवर चॅनल व्ही लागायचं, पण त्यांनी दाखवलं तर बघायचं. आपल्याला हवं तेव्हा हवं ते गाणं बघायचं असेल तर अशी कॅसेट विकत घेण्याला पर्याय नव्हता.

त्यांची हकीकत अशी. १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. त्या दिवसांत ठाण्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं मूनवॉक म्हणून जिन्यात पाय घासत मागे सरकायला लागली. हा नऊ-दहा वर्षांचा. गाणी तोंडपाठ, पण मायकल नेमकं करतो काय हे कोणी धड सांगेना. जो तो म्हणायचा, "भारी नाचतो." मग मामांनी ही कॅसेट आणली, भाच्याला शेजारी बसवलं आणि गाणं चालू असताना काय काय दिसतंय ते सांगत गेले. ते सांगणं कॅसेटमध्येच भरलेलं होतं. पुढे कितीतरी वर्षं घरच्या जुन्या प्लेअरवर तो ते ऐकत राहिला. प्लेअर बिघडला, कॅसेट माळ्यावर गेली, मामाही गेले. अलीकडे एका दुकानात ती डिजिटल करायला दिली, तर पेनड्राइव्हमध्ये आली नुसती मायकल जॅक्सनची गाणी. चित्र मधूनच काळवंडतंय, मधूनच उजळतंय, आणि मामांचा एक शब्द नाही.

"कॅसेट बदलली म्हणून आम्ही भांडून आलो," बहीण म्हणाली.

"बदललेली नाही," भाऊ म्हणाला. "इथे कोपऱ्याला चीर आहे. माझ्याच हातून पडली होती."

चित्राचं कोडं सोपं होतं. बऱ्याच ओरिजिनल कॅसेटमध्ये कॉपी होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाचा सिग्नल घातलेला असायचा. चित्राच्या दोन फ्रेमांमधल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींमध्ये तो बसतो आणि रेकॉर्ड करणाऱ्या मशिनला प्रकाशाचा अंदाज चुकवतो. म्हणून चित्र असं डोळे मिचकावतं. पण त्याचा आवाजाशी काही संबंध नाही. आवाज कुठे गेला?

मी कॅसेट हातात घेऊन फिरवली, आणि पाठीच्या कडेला जुना, पिवळा पडलेला सेलोटेप दिसला. व्हीएचएस कॅसेटला तिथे एक प्लास्टिकची चिमुकली पट्टी असते. ती तोडली की कॅसेटवर रेकॉर्डिंग होत नाही. ओरिजिनल कॅसेटला ती नसतेच, नुसता खड्डा असतो. त्या खड्ड्यावर सेलोटेप लावला की मशीन फसतं आणि रेकॉर्डिंग करू देतं. म्हणजे या कॅसेटवर कोणीतरी मुद्दाम काहीतरी भरलं होतं. पण गाण्यांचं चित्र तर जसंच्या तसं होतं.

"मामा काय करायचे?"

"लग्नाची शूटिंग घ्यायचे. नौपाड्यात दुकान होतं."

इथे माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. नव्वदच्या दशकात मी अशाच एका शूटिंगवाल्याकडे एडिटिंगला होते. कॅमेऱ्यात लग्नाच्या हॉलमधला आवाज यायचा तो भयंकर: भांडी, भटजींचा माइक, 'आहेर आणू नये'ची घोषणा आणि आहेराची झुंबड. मग सप्तपदी आणि पाठवणीवर आम्ही सिनेमाची गाणी टाकायचो. चांगल्या मशिनवर त्यासाठी ऑडिओ डब नावाचं बटण असायचं. चित्राला धक्का न लावता फक्त आवाज बदलायचा. हजारो ठाणेकरांच्या पाठवणीत जे सनईचं रडणं आहे ते या बटणाचं आहे. मामांनी भाच्यासाठी तेच बटण दाबलं होतं.

आता त्यातली गंमत. व्हीएचएसच्या अर्ध्या इंची फितीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक हायफाय. तो गोल फिरणाऱ्या ड्रमवरची हेड, म्हणजे फितीवर लिहिणारे-वाचणारे भाग, चित्राच्याच तिरप्या रेघांमध्ये, चित्राच्या खालच्या थरात लिहितात. तो बदलायचा तर चित्रही पुसावं लागतं. दुसरा साधा आवाज, फितीच्या काठाने जाणाऱ्या एका मिलिमीटरच्या पट्टीत. ऑडिओ डब होतो तो फक्त या पट्टीत. म्हणजे मामा काठावर, आणि मायकल जॅक्सन आत, चित्राखाली, जसाच्या तसा. घरचा प्लेअर स्वस्तातला, त्याला हायफाय वाचताच येत नव्हतं, म्हणून तो बिचारा इतकी वर्षं मामांना ऐकवत राहिला. दुकानवाल्याचं मशीन भारी. भारी मशीन हायफाय सापडलं की दुसरीकडे बघतसुद्धा नाही.

मी त्यांना एवढं सगळं सांगितलं नाही. आधी वाजवून बघायचं होतं, आणि मला धास्ती होती ती काठाची. ठाण्याच्या हवेत माळ्यावर पडलेल्या कॅसेटला पांढरी बुरशी धरते. फीत दुमडते, चुरगळते तीही आधी काठालाच. चित्र मधल्या भागात असल्यामुळे बरेचदा वाचतं, काठावरचा आवाज मात्र जातो. शिवाय नवीन मशीन मिळत नाही. फुनाई ही बहुधा शेवटची व्हीसीआर बनवणारी कंपनी, तिनेही जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. मी भंगारातून आणलेल्या मशिनांचे पट्टे आणि रोलर एकमेकांना लावून दिवस काढते. बुरशीची एक कॅसेट तशीच घातली की हेड गेलंच म्हणून समजा. त्यामुळे त्यांना म्हटलं, आज ठेवून जा, साफ करून ठेवते, उद्या दुपारी या.

दुसऱ्या दिवशी दोघं वेळेच्या आधीच हजर. मी कॅसेट लावली. अपेक्षेप्रमाणे मायकल जॅक्सन वाजला, स्टिरिओत, कडक. बहिणीचा चेहरा पडला. मग मी मशिनच्या मेन्यूत जाऊन आवाज हायफायवरून 'नॉर्मल'वर नेला.

आधी नुसती खरखर. मग मागे, दूर, टीव्हीतून यावं तसं तेच गाणं, आणि त्याच्यावर एका पुरुषाचा जाड, कोंडल्यासारखा आवाज. काहीतरी बोलत होता. शब्द लागेना. भाऊ खुर्चीतून पुढे सरकला. "तेच," म्हणाला. "पण घोंगडीतून बोलल्यासारखे का वाटतायत?"

मामांच्या मशिनचं हेड आणि माझ्या मशिनचं हेड एका कोनात नव्हतं, म्हणून. शिवाय या काठाच्या पट्टीवर फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. साध्या गाण्याच्या कॅसेटमध्ये ती ४.७६ने जाते. निम्म्या वेगात आधीच आवाजाची धार कमी, त्यात कोन चुकला की उरलीसुरली जाते. मशिनचं झाकण काढून, कॅसेट चालू ठेवून, हेडशेजारचा बारीक स्क्रू स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवत जायचं आणि कान देऊन ऐकायचं. हे काम डोळ्यांचं नाहीच. माझ्यापेक्षा भाऊच बरा ऐकत होता. "अजून... अजून थोडं... आता गेलं, मागे या." आणि एका जागी 'स' आणि 'श' वेगळे झाले.

"...फरशी आहे. त्याने पाय टाकला की फरशी पेटते. उचलला की विझते. परत पेटली."

"आणि मूनवॉक?" एक पोरगा विचारतो.

"नाही रे राजा, अजून नाही. आला की सांगतो."

तो पोरगा आता माझ्या समोर बसला होता, हनुवटी काठीच्या मुठीवर टेकवून. बिली जीनच्या व्हिडिओत मूनवॉक नाहीच. तो मायकलने जगाला दाखवला त्याच गाण्यावर, पण १९८३मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात, स्टेजवर. मामांना ते ठाऊक नसावं. ते गाणं संपेपर्यंत वाट बघत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "फसवलं बघ आपल्याला."

थ्रिलरला मामा रंगात आलेले. लाल जाकीट, थडग्यातून निघालेली भुतं, फाटके कपडे, "एकाचा हातच गळून पडला बघ". मध्येच किंकाळी. "कोण ओरडलं?" "त्याची मैत्रीण. त्याला केस आलेत अंगभर. लांडगा म्हणावं की मांजर, काही कळत नाही." नाच सुरू झाला तसे शब्द थांबले. नुसतं, "दे हात. असा. खांदा वर. हां, मान इकडे." तेवढा वेळ कॅसेटवर गाणं आणि पोराचं खिदळणं, बाकी काही नाही. ऑडिओत त्याचा काही उपयोग नाही, मी पुढे ढकलू का विचारलं. भाऊ नको म्हणाला. त्याचा उजवा खांदा किंचित वर गेलेला मला दिसला.

ब्लॅक ऑर व्हाइटमध्ये मायकल भर रस्त्यात, मागून गाड्या धावत असताना, ओडिसी नाचणाऱ्या बाईबरोबर नाचतो. तिथे मामांचा आवाज अभिमानाने चढलेला: "अरे, ही आपली! घुंगरू आहेत पायात!" पण त्याच गाण्याच्या शेवटाकडे वेगवेगळ्या माणसांचे चेहरे गाता गाता एकमेकांत बदलत जातात. तिथे मामा अडकले.

"आता एक माणूस आहे. त्याची बाई झाली."

"म्हणजे तो गेला आणि बाई आली?"

"गेला नाही ना. तोच... तोच बाई झाला. आता तिचा दुसरा माणूस होतोय."

"मुखवटा?"

"नाही रे. कसं सांगू तुला."

आणि मग गाणं संपेपर्यंत मामा गप्प. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"हे मला अजून कळलेलं नाही," भाऊ म्हणाला. "हिने सांगून पाहिलं, कॉलेजात मित्रांनी सांगितलं. तुम्ही सांगा ना. तुमचं तर कामच चित्राचं."

मी टेप थांबवली, ती जागा फोनवर लावली आणि प्रयत्न केला. दोन आवाज एकात एक मिसळत नेतात तसं, म्हटलं, पहिला हळूहळू कमी आणि दुसरा वर. तो म्हणाला, मग मध्ये दोघं ऐकू येतील की, इथेही मध्ये दोन चेहरे दिसतात का? नाही, दिसत नाहीत, मध्ये तिसराच कोणीतरी दिसतो, कोणाचाच नसलेला. तो विचारात पडला. मग म्हणाला, "मामांना निदान 'कसं सांगू' तरी म्हणता आलं."

मला हसू आलं, बहिणीलाही.

दीडएक तासाची कॅसेट, ती जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. मी फक्त काठाची पट्टी उतरवून घेतली. चित्र घेतलंच नाही, त्यामुळे मॅक्रोव्हिजनचा प्रश्नच आला नाही. एका ठिकाणी फीत चुरगळलेली होती, तिथलं मामांचं एक वाक्य गेलं ते गेलंच. खरखर कमी करून देऊ का विचारलं. खरखर काढा, म्हणाला, पण कुकर राहू दे, मामीचा आहे. संगणकाला हे दोन्ही वेगळं करायला सांगणं किती किचकट, हे मी त्याला सांगितलं नाही. कुकरच्या आधी आणि नंतर हाताने कापून तेवढा तुकडा तसाच ठेवला आणि ताशी दराने जे होतात तेच पैसे घेतले. वर कॅसेट परत देताना बजावलं की माळ्यावर टाकू नका, कपाटात उभी ठेवा, आणि सेलोटेप आधी काढा. चुकून कोणी पुन्हा काहीतरी भरेल.