कानातली शिट्टी आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

कानात अष्टौप्रहर शिट्टी वाजत असलेल्या, म्हणजे टिनिटस असलेल्या माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, होईल सवय’ एवढं सांगून घरी पाठवणं मला आजही अन्यायाचं वाटतं. सवय होते, हे खरं आहे. मला झाली. पण ती कशी होते, तोवर रात्री कशा काढायच्या आणि आहे ते ऐकणं कसं सांभाळायचं, यातलं काहीच मला तिथे कोणी सांगितलं नाही.

माझं काम हेडफोन लावून तासन्‌तास ध्वनिमुद्रणं तपासण्याचं. एका संध्याकाळी हेडफोन काढला तरी कानात बारीक, सलग शिट्टी चालूच राहिली. झोपून उठल्यावर जाईल असं वाटलं, गेली नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासलं. मळ नाही, पडदा चांगला, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून या म्हणाले. इथवर सगळं भराभर झालं. घोडं अडलं ते त्या तपासणीत.

तपासणीच्या ध्वनिरोधक खोलीचं जाड दार लागलं की बाहेरचं सगळं बंद होतं आणि कानातली शिट्टी डोकंभर होते. कानावर हेडफोन, हातात बटण. ‘अगदी बारीक आवाज आला तरी दाबा’ अशी सूचना. खालच्या पट्टीतल्या आवाजांना अडचण आली नाही. ४००० हर्ट्झच्या पुढे मात्र तपासणीचा स्वर बारीक आणि सलग, माझी शिट्टीही बारीक आणि सलग. आत्ता वाजलं ते यंत्रातलं की माझ्याच कानातलं? मी काचेपलीकडे हात करून सांगितलं की मला फरक कळत नाहीये. उत्तर आलं, ‘अंदाजाने दाबा.’ ज्या तपासणीवर पुढचं सगळं ठरायचं, ती अंदाजाने!

बाहेर आल्यावर हातात एक ओळ पडली: दोन्ही कानांची श्रवणक्षमता नॉर्मल. मी आलेख मागितला. ‘तो डॉक्टरांसाठी असतो, तुम्हाला काय करायचाय?’ असं विचारलं गेलं. मी बसून राहिले. पुन्हा मागितला, तेव्हा ‘साहेब जेवायला गेलेत.’ मग ‘प्रिंटर बंद आहे.’ बाकीचे पेशंट येत होते, जात होते, आणि त्या पंख्याच्या घरघरीत बसून मी एका कागदासाठी वाट बघत होते, जो माझ्याच कानांचा होता. अखेर मिळाला. तुम्हीही हटून बसा, पण आलेखाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

आलेखावर उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळ्या फुल्या असतात. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकू कमी. माझ्या कागदावर २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झ या रेघांवर खुणा होत्या. ३००० आणि ६००० कोरे. मोठ्या आवाजाने झालेली इजा आलेखावर बहुधा ३००० ते ६०००च्या पट्ट्यात आधी दिसते. तिथे खाच पडते आणि ८०००ला रेघ पुन्हा वर येते. म्हणजे माझ्यासारखीच्या बाबतीत जिथे बघायला हवं, त्यातला बराचसा भाग बघितलाच नव्हता. यात नियम मोडला असंही नाही. शेजारच्या दोन खुणांमध्ये २० डेसिबल किंवा जास्त फरक असेल तरच मधलं तपासायचं, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. पण समोरचा माणूस सांगतोय की मी हेडफोनवर काम करते आणि कान वाजतोय, तर दोन खुणा जास्त घ्यायला कितीसा वेळ लागतो?

‘नॉर्मल’चा अर्थही मला तो कागद घेऊन बसल्यावर कळला. मोठ्या माणसांत साधारण २५ डेसिबलपर्यंत सगळं नॉर्मलमध्येच धरतात. कोणाचे कान ० वरून २० वर घसरले तरी तो नॉर्मल. आधीचा आलेख नसेल तर घसरण कळायला मार्ग नाही. म्हणून कान ठणठणीत असतानाच एकदा ऑडिओमेट्री करून कागद जपून ठेवावा, विशेषतः यंत्रांजवळ किंवा हेडफोनवर काम करणाऱ्यांनी.

मी दुसरीकडे गेले. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी खोलीत पाठवण्याआधीच विचारलं, ‘शिट्टी कशी वाजते, सलग की थांबून थांबून?’ सलग म्हटल्यावर त्यांनी तुटक स्वर लावले, टिक-टिक-टिक. ते शिट्टीतून लगेच वेगळे कळले. एवढा साधा उपाय होता! ‘पल्स टोनवर घ्या, ३००० आणि ६०००सुद्धा घ्या’ हे वाक्य टिनिटस असलेल्या प्रत्येकाने पाठ करून जावं. माझ्या दोन्ही कानांत ६०००ला खाच निघाली. बिघाड सापडला म्हणून जीव भांड्यात पडावा हे विचित्र आहे, पण पडला खरा.

मग त्यांनी माझ्या शिट्टीची पट्टी आणि जोर मोजून पाहिला. पट्टी त्या खाचेच्या आसपासच होती. जोर मात्र मला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या काही डेसिबलच वर होता. ज्या आवाजाने डोळ्याला डोळा लागत नव्हता, तो एवढाच. बाईंनी समजावलं की आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तिथून येणारे संदेश घटले की मेंदू आपला आवाज वाढवून ते शोधत बसतो, आणि त्या शोधाचाच हा नाद असावा असं मानतात. नाद धोक्याचा वाटला की लक्ष तिकडेच जातं, आणि लक्ष गेलं की तो आणखी मोठा वाटतो.

आठवलं म्हणून मध्येच सांगते. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर वेगळ्या तपासण्या लागतात. आणि एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर स्टेरॉइड देतात आणि ती सुरुवातीच्या दिवसांतच द्यावी लागतात. तिथे ‘बघू आठवडाभर’ चालत नाही.

गोळ्यांच्या नादी मी लागले नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत टिनिटससाठी जिन्को, मेलाटोनिन, झिंक असली पूरकं सुचवू नयेत असं स्पष्ट म्हटलंय. त्याच मार्गदर्शिकेत सीबीटी ही बोलण्यातून होणारी उपचारपद्धत सुचवली आहे. तिने शिट्टी जात नाही, तिचा जाच कमी होतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

रात्री मी पावसाचा आवाज बारीक लावून झोपू लागले. तो शिट्टीपेक्षा किंचित खाली ठेवायचा, शिट्टी बुडवायची नाही. ती पूर्ण झाकली गेली तर तिच्याकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकणार कसा? ‘आत्ता वाजतेय का?’ हे तपासत बसणंही हळूहळू सोडलं. महिने लागले. सुधारणा सरळ रेषेत होत नाही, मधे वाईट आठवडे येतात. आता कामाचा अर्धा दिवस शिट्टी आठवत नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

कान सांभाळण्याचं गणित सोपं आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे जास्तीत जास्त आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८८ला चार तास, १००ला फक्त पंधरा मिनिटं. फोमचा इअरप्लग नुसता कानावर टेकवून उपयोग नसतो. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. मात्र शांत घरात, साध्या बोलण्यात प्लग घालून बसू नका. कानांना रोजचे आवाज मिळाले नाहीत की तेच आवाज टोचायला लागतात आणि शिट्टीही उठून येते. ड्रिल चालू असेल तेव्हा घाला, संपलं की काढा.

आणि दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी औषध लिहून घेताना ‘मला टिनिटस आहे’ हे आपणहून सांगा. जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन, मोठ्या मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन यांचा कानांवर परिणाम होऊ शकतो. औषध मनाने बंद करायचं नाही, पण पर्याय आहे का हे बघायला डॉक्टरांना ही माहिती हवी.