लाल पट्टी, खाली पावती

सपोर्टमधल्या सहकाऱ्याने दुपारी ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. वर लाल पट्टी: ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’. तिच्या खाली हिरव्या चौकटीत पावती क्रमांक. ग्राहकाने सोबत एवढंच विचारलं होतं, की पैसे गेले की नाही?

टीममधली पहिली प्रतिक्रिया नेहमीचीच. असं होऊच शकत नाही. कोड उघडला तर लोडिंग, एरर, सक्सेस, रिट्राय आणि टाइमआउट असे पाच बूलियन फ्लॅग, म्हणजे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ धरणाऱ्या खुणा. पाच फ्लॅग म्हणजे ३२ जोड्या, आणि त्यातल्या अर्थ लागेल अशा जेमतेम सहा. उरलेल्या जोड्या कधी तयार होऊ नयेत हे बघणं कुणाचंच काम नव्हतं. जो तो आपल्या फंक्शनच्या शेवटी एक फ्लॅग चढवायचा, एक उतरवायचा आणि मोकळा व्हायचा.

लोकल सर्व्हरवर उत्तर मुद्दाम २० सेकंद अडवून धरलं. क्लायंटचा टाइमआउट १५ सेकंदांचा होता. नेटवर्क टॅब उघडा ठेवून बटण दाबलं आणि बघत बसलो. पंधराव्या सेकंदाला लाल पट्टी आली, पण रिक्वेस्ट अजून पेंडिंगच. विसाव्या सेकंदाला २०० (सर्व्हरचा ‘सगळं ठीक’ असा कोड) आला आणि पट्टीखाली पावती उमटली. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण या सगळ्यात जागचं हललं नव्हतं, आणि ते चालतही होतं. म्हणजे स्क्रीनशॉट ही किरकोळ बाब होती. त्या बटणावर कुणी विश्वास ठेवला असेल, तर पैसे दोनदा गेले असणार. सर्व्हरचे लॉग चाळले, तसे ग्राहक सापडले.

कारण कळायला वेळ लागला नाही. टाइमआउटसाठी जावास्क्रिप्टचं प्रॉमिस.रेस वापरलं होतं. प्रॉमिस म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराची जागा; रेसमध्ये जे प्रॉमिस आधी पुरं होतं त्याचा निकाल पुढे जातो, पण मागे पडलेलं थांबत नाही. ते चालूच राहतं, आणि त्याला जोडलेलं देन (उत्तर आल्यावर चालणारा कोड) यथावकाश येऊन आपलं काम करून जातं. रिक्वेस्ट मधेच सोडून देणारा ॲबॉर्टकंट्रोलर असता तरी ब्राउझरने वाट बघणं सोडलं असतं, इतकंच. सर्व्हरपर्यंत पोचलेली रिक्वेस्ट त्याने परत येत नाही.

एका अनुभवी सहकाऱ्याने तोडगा सुचवला: देनमध्ये एक ओळ घाला, एरर आधीच लागला असेल तर काही न करता परत फिर. स्क्रीनशॉट त्याने नक्की सुधारला असता. मला मात्र ती ओळ मूळ बगपेक्षा घातक वाटली. आत्ता निदान पावती दिसत होती आणि माणूस गोंधळून सपोर्टला फोन तरी करत होता. त्या ओळीनंतर पैसे गेलेले असताना स्क्रीनवर स्वच्छ, नि:संदिग्ध ‘अयशस्वी’ दिसलं असतं. यावर आमची जरा जोरातच वादावादी झाली.

तेवढ्यात टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने हाक मारली. ‘सर, डीबगर भलत्याच कोडमध्ये थांबतोय. हे आपण लिहिलेलंच नाही.’ जुन्या ब्राउझरसाठी रूपांतर करून बनवलेला बंडल होता, आणि त्यातून मूळ कोड दाखवणारा सोर्समॅप बंद. आमच्या असिंक फंक्शनच्या (उत्तराची वाट बघत मधे थांबू शकणाऱ्या) जागी बेबेल या रूपांतर करणाऱ्या साधनाने एक न संपणारं व्हाइल ठेवलं होतं, त्याच्या आत स्विच, आणि आत केस ०, केस ३ असं करत केस ‘एंड’पर्यंत. अवेट, म्हणजे थांबायची जागा, आली की पुढे कुठल्या केसला जायचं याची नोंद करून फंक्शन बाहेर पडतं, आणि उत्तर आलं की नोंदवलेल्या केसपासून पुन्हा सुरू होतं.

‘म्हणजे हे स्टेट मशीनच झालं की, एका वेळी एकाच अवस्थेत असणारं यंत्र,’ ती म्हणाली.

झालंच. असिंक-अवेट २०१७ च्या ईसीएमएस्क्रिप्टमध्ये आलं, तेव्हापासून आपण रोज अशी यंत्रं लिहितो, फक्त प्रत्येक कॉलचं यंत्र वेगळं. फंक्शन दोनदा बोलावलं की दोन यंत्रं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. टायमर आपला तिसराच. पण हे सगळे ज्या एका स्क्रीनवर येऊन लिहितात, तिचं यंत्र कुणी केलंच नव्हतं.

मग लॅपटॉप बाजूला ठेवून बोर्डवर तक्ता काढला. उभ्या बाजूला अवस्था: तयार, पाठवतोय, यशस्वी, नाकारलं, वेळ संपली. आडव्या बाजूला इव्हेंट: बटण दाबलं, होकार आला, नकार आला, टायमर वाजला, नेट गेलं. प्रत्येक चौकोनात पुढची अवस्था किंवा ‘दुर्लक्ष’. बरेचसे चौकोन भराभर भरले. ‘वेळ संपली’ आणि ‘होकार आला’ यांच्या चौकोनापाशी सगळे अडले. तिथे काय व्हावं याचं उत्तर कोडमध्ये नव्हतंच. प्रॉडक्ट मॅनेजरना बोलावलं. त्यांनी तक्ता पाहून विचारलं, ‘पण वेळ संपली म्हणजे फसलं, असं आपण धरतोच का?’

त्या प्रश्नावर ‘वेळ संपली’ ही ओळ पुसली आणि तिथे ‘अनिश्चित’ लिहिलं. या अवस्थेत पुन्हा पैसे भरायचं बटण नाही. ठरावीक अंतराने सर्व्हरला विचारायचं, आणि उशिरा का होईना, होकार किंवा नकार आला की त्या त्या अवस्थेत जायचं. सर्चबॉक्स असता तर उशिरा आलेलं जुनं उत्तर मी खुशाल फेकलं असतं. पैशाच्या बाबतीत जुनं उत्तरच खरं असू शकतं.

कोड लिहिणं त्यामानाने सोपं गेलं. पाच फ्लॅग काढून एकच स्टेट ठेवली. अवस्था आणि इव्हेंट घेऊन पुढची अवस्था देणारं साधं फंक्शन, त्यात फेच (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणं) नाही की टायमर नाही. ते अवस्थेत शिरताना सुरू होतात आणि परत येतात ते फक्त इव्हेंट म्हणून. एक्सस्टेट ही स्टेट मशीनची तयार लायब्ररी घ्यावी का, यावर थोडी चर्चा झाली. अवस्थांच्या पोटात अवस्था लागल्या असत्या तर घेतलीच असती. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेले स्टेटचार्ट त्यासाठीच आहेत. आमच्या सपाट तक्त्याला स्विच पुरलं. ‘पाठवतोय’मध्ये जाताना आयडेम्पोटन्सी की (त्या एका व्यवहाराची ओळखखूण) एकदाच तयार करून ब्राउझरच्या सेशन स्टोरेजमध्ये ठेवली, म्हणजे पान रिफ्रेश केलं तरी तीच जाते. सर्व्हरवर त्या कीला युनिक कन्स्ट्रेंट लावलं, म्हणजे तीच की दोनदा नोंदवता येत नाही. तीच की पुन्हा आली तर नवा व्यवहार न करता आधीचंच उत्तर द्यायचं.

संध्याकाळी २० सेकंदांचा खेळ पुन्हा केला. पंधराव्या सेकंदाला ‘खात्री करत आहोत’, विसाव्याला पावती. दोनदा पैसे गेलेल्यांची यादी रिफंडसाठी पाठवली. बोर्ड पुसायच्या आधी त्या नव्या मुलीने आडव्या बाजूला आणखी एक रकाना जोडला होता: ‘टॅब बंद केला’. ‘अनिश्चित’समोरचा तिथला चौकोन ब्राउझरमधून भरता येण्यासारखा नव्हता. त्यासाठी पेमेंट गेटवे स्वतःहून पाठवतो तो निरोप (वेबहुक) सर्व्हरवरच ऐकून मेल पाठवायला हवा, आणि ते काम बॅकएंडच्या पुढच्या स्प्रिंटमध्ये गेलं.