यॉर्क, आणि पाच बहिणींची खिडकी

लीड्स, इंग्लंड. एप्रिल, शनिवार. रात्रीचे साडेदहा.

पाय भरून आलेत, पण आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

लेकीला आठवडाभराने एक सुट्टी मिळाली. हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्यांनी डोळे खोल गेलेत तिचे. मी म्हटलं, झोप गं आज. तर म्हणाली, "आई, तू परत जायच्या आत यॉर्क व्हायलाच हवं." लीड्सहून आगगाडीने अर्धा तासही लागत नाही.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर समोर तटबंदीच. तिच्या उतारावर डॅफोडिलची पिवळी फुलं नुसती पसरलेली. जिना चढून तटावरून चालू लागलो. रोमनांनी इ.स. 71 मध्ये इथे लष्करी ठाणं वसवलं. आज दिसतो तो तट बहुतेक मध्ययुगातला, एकूण साडेतीन किलोमीटरच्या आसपास. 1800 साली इथल्या नगरपालिकेनेच तो पाडायचा घाट घातला होता. लोक आडवे आले, पुढे विल्यम एटी हा चित्रकारही त्यासाठी झटला, म्हणून आज मी त्यावरून चालले. वेशींना इथे 'बार' म्हणतात आणि 'गेट' म्हणजे रस्ता! 866 साली व्हायकिंगांनी हे शहर घेतलं, त्यांच्या भाषेतला 'गाता' हा शब्द अजून रस्त्यांच्या पाट्यांवर टिकून आहे. मिकलगेट, म्हणजे मोठा रस्ता. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला फार आवडलं.

ऊझ नदी ओलांडून क्लिफर्ड्स टॉवरपाशी गेलो. हिरव्या टेकाडावरचा दगडी बुरूज. त्याच्या जागी पूर्वी लाकडी बुरूज होता. मार्च 1190 मध्ये जमाव अंगावर आला म्हणून शहरातले ज्यू बायकापोरांसह त्यात आसऱ्याला गेले. सुमारे दीडशे माणसं. बहुतेकांनी जमावाच्या हाती पडण्याऐवजी स्वतःच मरण पत्करलं, बुरूज जळाला, उरलेल्यांना बाहेर आल्यावर मारलं. पायथ्याशी त्यांची आठवण म्हणून फलक आहे. तो वाचून वर चढायचं मन झालं नाही. तशाच उभ्या राहिलो थोडा वेळ.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली पाहिली. वरचे मजले इतके पुढे आलेत की समोरासमोरच्या घरांतून हात मिळवता यावेत. गर्दी फार, पटकन बाहेर पडलो.

मग मिन्स्टर. या चर्चबद्दल किती लिहू! पूर्वेची मोठी खिडकी जवळजवळ टेनिसच्या मैदानाएवढी आहे. जॉन थॉर्नटन या कारागिराने ती 1405 ते 1408 या तीन वर्षांत पुरी केली, आणि वेळेत दिली म्हणून त्याला दहा पौंड जास्तीचे मिळाले. सृष्टीच्या आरंभापासून जगाच्या अंतापर्यंतची सगळी गोष्ट काचेत. मान दुखेपर्यंत पाहत राहिले. अलीकडेच तिचे 311 तुकडे एकेक करून उतरवले, दुरुस्त केले आणि परत बसवले. दहा वर्षं चाललं ते काम.

दक्षिणेकडे गुलाबाच्या आकाराची गोल खिडकी आहे. 9 जुलै 1984 च्या पहाटे आग लागली, बहुधा वीज पडून, आणि त्या भागाचं छप्पर कोसळलं. खिडकीच्या काचांना सुमारे 40 हजार ठिकाणी तडे गेले, तरी ती जागची हलली नाही. कारागिरांनी ते तडे जोडले. खाली उभं राहून मला एकही तडा दिसला नाही.

पण मी अडकले ती उत्तरेच्या 'पाच बहिणीं'पाशी. तेराव्या शतकातल्या पाच उंच, सडपातळ खिडक्या. लाल-निळ्याचा झगमगाट नाही. राखाडी-हिरवट काच, पावसाळी संध्याकाळच्या उजेडासारखी. 1925 मध्ये ही खिडकी पहिल्या महायुद्धात सेवा बजावताना गेलेल्या बायकांच्या स्मृतीला वाहिली. जवळच ओकच्या फळ्यांवर त्यांची नावं आहेत, चौदाशेच्या वर. नर्सेस आहेत, दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामकरणी आहेत.

लेक बोलायची थांबली. फळीला न टेकवता बोट फिरवत एकेक नाव वाचू लागली. मी तिच्या मागे. मग हळूच म्हणाली, "आई, यात बार्नबोच्या बायकाही आहेत." बार्नबो लीड्सजवळच. तिथे तोफगोळे भरायचा कारखाना होता. 5 डिसेंबर 1916 च्या रात्री, रात्रपाळी नुकती सुरू झाली असताना स्फोट झाला आणि 35 बायका गेल्या. युद्धामुळे बातमी दाबली. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांत फक्त 'अपघाती मृत्यू' एवढंच छापलं. जिथे त्या गेल्या तिथे लगेच दुसऱ्या मुली कामाला उभ्या राहिल्या.

मी त्या नावांना हात जोडले. शेजारच्या आजीबाईंनी पाहिलं आणि त्यांनीही मान खाली घातली.

परतीच्या गाडीत लेक माझ्या खांद्यावर झोपली. गारफोर्थ स्टेशन गेलं. आता क्रॉस गेट्स यायच्या आत बार्नबो या रुळांच्या बाजूलाच कुठेतरी होतं, हे तिनेच सांगितलेलं. मी खिडकीतून शेतं पाहत होते. तिला उठवलं नाही. उद्या रात्री तिची पुन्हा पाळी आहे.